सिमलिंक आत की बाहेर?

आपल्याकडे असेंबल करून घेतलेल्या कॉम्प्युटरची रचना जवळपास ठरलेली असते. विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम लहान पण वेगवान एसएसडीवर, म्हणजे 'सी' ड्राईव्हवर. आणि फोटो, व्हिडिओ, जुने हिशेब, डीटीपीच्या फाईली मोठ्या हार्ड डिस्कवर, म्हणजे 'डी'वर. वनड्राईव्ह किंवा ड्रॉपबॉक्स बसवलं की त्याचा फोल्डर मात्र आपोआप 'सी'वर तयार होतो. जपायचा माल एका ड्राईव्हवर आणि क्लाउडकडे जाणारी वाट दुसऱ्यावरून, असा हा पेच. सगळा माल उचलून 'सी'वर आणला तर काही दिवसांत तिथली निळी पट्टी लाल होते. मग एखादा जाणकार मित्र सुचवतो, "कॉपी कशाला करतोस? सिमलिंक टाक ना."

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. सिमलिंक टाकायची ती कुठल्या बाजूला, हे त्यात येतच नाही, आणि सगळं त्यावरच ठरतं. खऱ्या फाईली बाहेर ठेवून सिंकच्या फोल्डरात नुसती लिंक टाकली, तर ती कुठे चालते, कुठे चालत नाही आणि कुठे चालल्यासारखी वाटते. याच्या उलट केलं, म्हणजे खऱ्या फाईली सिंकच्या फोल्डरात नेल्या आणि त्यांच्या जुन्या जागी लिंक ठेवली, तर काम जवळपास प्रत्येक सेवेत बिनबोभाट होतं. असं का, ते समजून घेण्यासाठी सिमलिंक म्हणजे नेमकं काय असतं ते पाहू.

डिस्कवर फाईलीचं नाव आणि फाईलीतला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी असतात. फोल्डर म्हणजे खरं तर एक यादी: अमुक नाव, त्याचा मजकूर अमुक नोंदीखाली. युनिक्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरुवातीपासूनच एका मजकुराला दोन-तीन नावं देण्याची सोय ठेवली होती. तिला हार्ड लिंक म्हणतात. ही सगळी नावं एकाच तोलाची असतात. त्यातलं मूळ कुठलं आणि जोडलेलं कुठलं हे सांगता येत नाही. पण हार्ड लिंक एका ड्राईव्हवरून दुसऱ्यावर जात नाही आणि फोल्डरला लावता येत नाही. 'सी' आणि 'डी'च्या पेचात तिचा उपयोग नाही.

सिंबॉलिक लिंकचा, म्हणजे सिमलिंकचा विचार वेगळा. तिच्यात मजकूर नसतो, मजकुराकडे नेणारी नोंद नसते, असतो तो फक्त पत्ता. दुकान दुसऱ्या गल्लीत हलवल्यावर जुन्या शटरवर "आमचे दुकान मारुती मंदिरामागे स्थलांतरित झाले आहे" असा फलक लावतात, तसा. फलक वाचणारा माणूस तिकडे जातो आणि खरेदी करतो. दुकान पुन्हा हलवलं किंवा बंद झालं, तरी फलक आपल्या जागी तसाच राहतो, कारण दुकानाचं पुढे काय झालं हे त्याला कळायची सोय नाही.

कल्पना जुनी आहे. मल्टिक्स या प्रणालीसाठी डेली आणि न्यूमन यांनी 1965 साली मांडलेल्या फाईलव्यवस्थेत पत्ता साठवणाऱ्या लिंक्स होत्या. बर्कलीच्या विद्यापीठातून 1983 साली बाहेर पडलेल्या 4.2 बीएसडी या युनिक्समधून सिमलिंक सर्वदूर पोहोचली. विंडोजमध्ये आधी, विंडोज 2000च्या वेळी, 'जंक्शन' नावाची तिची बहीण आली. ती फक्त फोल्डरांसाठी आणि त्याच कॉम्प्युटरच्या ड्राईव्हपुरती. खरी सिमलिंक व्हिस्टापासून मिळाली. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट हा मात्र वेगळा प्रकार. तो एक साधी फाईल असतो आणि त्याचा अर्थ लावण्याचं काम विंडोजचा एक्सप्लोरर करतो. सिमलिंकचा अर्थ खुद्द फाईलव्यवस्था लावते, त्यामुळे वर्ड, फोटोशॉप किंवा टॅली यांना आपण फलक ओलांडून दुसरीकडे आलो आहोत याचा पत्ताही लागत नाही. सिमलिंकची सगळी ताकद यात आहे, आणि सगळा धोकाही.

तो पत्ता किती अक्षरशः साठवलेला असतो हे मराठी माणसाला एका खास उदाहरणातून दाखवता येतं. 'दऱ्या' नावाचा एक फोल्डर आहे असं समजा, सह्याद्रीतल्या भटकंतीच्या फोटोंचा. यातला अर्धा र कॉम्प्युटरवर दोन-तीन प्रकारे लिहिता येतो. एका कीबोर्डवर त्यासाठी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरतात. दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह. तिसऱ्या प्रकारात 'र'खाली नुक्ता देऊन तेच अक्षर बनतं. पडद्यावर तिन्ही 'दऱ्या' डोळ्यांना सारखेच दिसतात. पण यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे पहिल्या पद्धतीचं नाव 15 बाइटांचं होतं आणि बाकीची दोन 18 बाइटांची. लिनक्स नावांची तुलना बाइटांवरून करतं. तिथे एकाच जागी 'दऱ्या' नावाचे तीन वेगळे फोल्डर सुखाने नांदू शकतात, आणि एकाचा पत्ता लिहिलेली सिमलिंक दुसऱ्याला ओळखत नाही. विंडोजही असे फरक जुळवून घेत नाही. मॅकवरच्या जुन्या फाईलव्यवस्थेत तर 'ऱ' आपोआप 'र' आणि नुक्ता असा फोडून साठवला जात असे. मॅकवर नाव दिलेला फोल्डर सिंक होऊन लिनक्सवर उतरला की तिथे हाताने टाईप केलेल्या पत्त्याची लिंक "असा फोल्डर नाही" म्हणते आणि समोर तर फोल्डर दिसत असतो. यासाठी मी मराठी नावांच्या फोल्डरांचे पत्ते कधीही टाईप करत नाही; फोल्डरवरूनच पत्ता कॉपी करून चिकटवतो. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी.

आता सिंकच्या प्रोग्रॅमकडे वळू. त्याचं काम फोल्डरातलं सगळं वाचून दुसरीकडे तसंच उभं करणं. वाटेत सिमलिंक लागली की त्याच्यापुढे दोन मार्ग असतात: फलकाची नक्कल पाठवायची, की फलकावरच्या पत्त्यावर जाऊन तिथला माल पाठवायचा. दोन्हींत बरोबर-चूक असं काही नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 साली आणलेल्या आरसिंक या साधनात हा निर्णय वापरणाऱ्यावर सोडलेला आहे. एका पर्यायाने लिंक ही लिंक म्हणून जाते, दुसऱ्याने तिच्या मागचा माल जातो, आणि तिसऱ्याने फोल्डराबाहेर बोट दाखवणाऱ्या लिंक्स वगळल्या जातात. मला हेच वागणं सर्वांत प्रामाणिक वाटतं. पण घरगुती वापरासाठी बनवलेल्या क्लाउड सेवा असला प्रश्न ग्राहकाला विचारत नाहीत, स्वतःच ठरवून टाकतात. काय ठरवलं आहे ते आपल्याला बहुधा काहीतरी हरवल्यावर कळतं.

लिंकमागे जाऊन माल आणायचा म्हटला तर प्रोग्रॅमपुढे अडचणी उभ्या राहतात, आणि पहिली अडचण नजर ठेवण्याची. सिंकचा प्रोग्रॅम दर मिनिटाला सगळी डिस्क चाळत बसत नाही. "या फोल्डरात काही बदललं तर मला कळव," असं तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून ठेवतो. विंडोजमध्ये ही सूचना त्या फोल्डरच्या पोटातल्या खऱ्या फोल्डरांपुरतीच मिळते. लिंक ज्या 'डी'वरच्या फोल्डरकडे नेते तिथे तुम्ही फाईल बदललीत, तर तो बदल 'डी'वर झाला; 'सी'वरच्या सिंकच्या फोल्डरात काहीच घडलं नाही. सूचना येत नाही, फाईल वर जात नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला की प्रोग्रॅम सगळं नव्याने तपासतो आणि मग अडकलेले बदल एकदम जातात. वनड्राईव्हच्या फोल्डरात जंक्शन टाकणाऱ्यांचा "कधी सिंक होतं, कधी होत नाही" हा जो अनुभव असतो, त्याचं मूळ इथे आहे. लिनक्सवर 2005 साली आलेल्या आयनोटिफाय या सोयीत तर प्रत्येक उपफोल्डरवर वेगळी नजर लावावी लागते. लिंकमागच्या फोल्डरांवर ती लावायची की नाही हे पुन्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.

दुसरी अडचण चक्राची. एखाद्या फोल्डरात त्याच्याच वरच्या फोल्डरकडे नेणारी लिंक असली, तर आत शिरणारा प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहतो. हे काल्पनिक नाही, तुमच्या विंडोजमध्ये याचा नमुना आत्ताही असेल. व्हिस्टापासून 'ॲपडेटा'मधल्या 'लोकल' फोल्डरात 'ॲप्लिकेशन डेटा' नावाचं एक जंक्शन लपलेलं असतं, आणि ते पुन्हा त्याच 'लोकल' फोल्डरकडे नेतं. एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रॅमना जुनी नावं सापडावीत म्हणून मायक्रोसॉफ्टने ही सोय ठेवली. तिच्यात कोणी चक्कर खात बसू नये म्हणून त्यातली यादी वाचायला मनाईही लावली. लपलेल्या फाईली दाखवा म्हटल्यावर दिसणाऱ्या 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'वर क्लिक केलं की "ॲक्सेस इज डिनाइड" असा नकार येतो, तोही याच घराण्यातला: ते 'युजर्स'कडे नेणारं जंक्शन आहे. व्हायरसने काही केलं असं समजून घाबरून जाऊ नका. अशा जंक्शनांकडे लक्ष न देता लिहिलेल्या कॉपीच्या प्रोग्रॅमनी 'ॲप्लिकेशन डेटा'मध्ये 'ॲप्लिकेशन डेटा' अशी लांबलचक फोल्डरांची रांग तयार करून ठेवल्याची उदाहरणं आहेत. लिनक्स एका पत्त्यात 40 लिंक्स ओलांडून झाल्या की थांबतं आणि विंडोज 63 नंतर. पण ही मर्यादा येईपर्यंत सिंकने काय काय वर पाठवलं असेल, याचा विचार करा.

तिसरी अडचण सुरक्षेची, आणि माझ्या मते सेवांनी लिंकमागे जाणं टाळावं यासाठी हे एकटं कारण पुरेसं आहे. लिंकमधला पत्ता पूर्ण असावा लागतो असं नाही. "इथून एक पायरी वर जा आणि अमुक फोल्डरात शीर" असाही तो लिहिता येतो. समजा चार जणांचा एक सामायिक फोल्डर आहे आणि त्यांपैकी एकाने त्यात अशी एक लिंक टाकली, की जी ज्याच्या कॉम्प्युटरवर असेल त्याच्याच खासगी किल्ल्यांच्या फोल्डरकडे नेते. सिंकच्या प्रोग्रॅमने ही लिंक बाकी तिघांकडे पोहोचवली आणि तिकडे तो तिच्या मागेही गेला, तर तिघांच्या किल्ल्या आपल्या पावलांनी सामायिक फोल्डरात चालत येतील. पासवर्ड चोरावा लागला नाही, व्हायरस लागला नाही. प्रोग्रॅमरांच्या गिट या साधनात मार्च 2021 मध्ये आणि पुन्हा मे 2024 मध्ये ज्या गंभीर त्रुटी दुरुस्त कराव्या लागल्या, त्यांतही सिमलिंकचा हात होता. अनोळखी माणसाचं भांडार नुसतं उतरवून घेतलं तरी त्याचा कोड आपल्या यंत्रावर चालू शकत होता.

आणि शेवटचं, हरवलेल्या पत्त्याचं. लिंक बाहेरच्या हार्ड डिस्ककडे नेत असेल आणि तुम्ही ती डिस्क काढून ठेवलीत, तर लिंक तिथेच राहते, पण तिच्या मागे काही नसतं. लिंकमागे जाणाऱ्या प्रोग्रॅमला काय दिसेल? कालपर्यंत इथे हजारभर फोटो होते, आज एकही नाही. मालकाने पुसले असं धरून त्याने क्लाउडमधलेही पुसायचे, आणि तिथून दुसऱ्या कॉम्प्युटरवरचेही? काळजीपूर्वक लिहिलेला प्रोग्रॅम इथे थांबून विचारतो. पण सिंकचा स्वभावच असा की पुसणं हाही त्याच्यासाठी एक बदलच, आणि बदल सगळीकडे पोहोचवणं हे त्याचं काम. म्हणून सिंकला बॅकअप म्हणू नये.

या सगळ्याचा सर्वांत मोठा फटका ड्रॉपबॉक्सच्या जुन्या वापरकर्त्यांना बसला. ड्रू ह्यूस्टन आणि अराश फर्दोसी यांनी 2007 साली ही कंपनी काढली. बॉस्टनहून न्यूयॉर्कला निघालेल्या बसमध्ये बसल्यावर पेन ड्राईव्ह घरीच राहिल्याचं लक्षात आलं आणि त्या चरफडीतून कल्पना सुचली, असं ह्यूस्टन सांगतात. 2008 मध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाली. तिचा नियम एकच: एक फोल्डर, त्यात टाकाल ते सगळीकडे. पण लोकांना आपले फोल्डर जागचे हलवायचे नव्हते, आणि ड्रॉपबॉक्स तेव्हा लिंकमागे जात असे. मग काय, ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात लिंक टाकून कुठलाही फोल्डर सिंक करायची युक्ती जगभर पसरली. अनेकांची वर्षानुवर्षांची व्यवस्था या युक्तीवर उभी राहिली.

2019 मध्ये ड्रॉपबॉक्सने हे वागणं बदललं. फोल्डराबाहेर नेणारी लिंक असेल तर यापुढे फक्त लिंक सिंक होईल, तिच्या मागचा माल नाही. कंपनीने वापरकर्त्यांना तसं कळवलंही. तांत्रिकदृष्ट्या निर्णय योग्य होता. वर सांगितलेल्या अडचणी पाहिल्या की ते पटतं. पण ज्यांनी ते पत्र वाचलं नाही त्यांच्यापुरतं काय झालं? फोल्डर तसाच दिसत राहिला. लिंकवर क्लिक केलं की फाईली उघडत राहिल्या, कारण त्या त्यांच्याच डिस्कवर होत्या. बंद पडलं ते फक्त वर जाणं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. एखादी गोष्ट मोडली की माणूस दुरुस्तीला धावतो. ही मोडल्यासारखी दिसलीच नाही, म्हणून मला ती जास्त घातक वाटते.

इतर सेवांचं थोडक्यात. सिमलिंक आणि जंक्शनला आमचा पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्ट वनड्राईव्हबद्दल सांगतं. 'डॉक्युमेंट्स' किंवा 'डेस्कटॉप'मध्ये अशी लिंक असेल तर त्यांचा बॅकअप चालू करतानाच तक्रार येते. नेक्स्टक्लाउडचा डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम लिंक्सना वगळतो. सिंकथिंग लिनक्स आणि मॅकवर लिंकला लिंक म्हणून पोहोचवतो, तिच्या मागे जात नाही. गुगल ड्राईव्हमध्ये मुळात ही कसरत करायची गरजच नाही, कारण त्याच्या डेस्कटॉपच्या प्रोग्रॅममध्ये तुमच्या कॉम्प्युटरवरचा कुठलाही फोल्डर, अगदी 'डी'वरचाही, थेट निवडता येतो. गुगलने आपल्या बाजूलाही असाच गुंता सोडवला. एकच फाईल दोन-तीन फोल्डरांत ठेवायची पूर्वी मुभा होती. सप्टेंबर 2020 पासून फाईल एकाच जागी राहते आणि बाकी ठिकाणी तिचे शॉर्टकट.

आणि मोबाईलचं तर बोलायलाच नको. 'डी' ड्राईव्हवरच्या पत्त्याला अँड्रॉइड फोनवर काहीच अर्थ नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा दुसरा कॉम्प्युटर म्हणजे खिशातला फोन असल्यामुळे, लिंक लिंक म्हणून पोहोचली तरी आपल्याला तिचा उपयोग शून्य.

म्हणून दिशा उलटी करायची. माल आत, लिंक बाहेर. सिंकच्या प्रोग्रॅमला मग आपल्या फोल्डरात सरळ साध्या फाईली दिसतात; नजर ठेवणं, चक्र, अनोळखी पत्ते यांपैकी कुठलाच प्रश्न त्याच्यापुढे येत नाही. लिंक लागते ती वर्डसारख्या प्रोग्रॅमच्या वाटेत, आणि तिथला अर्थ फाईलव्यवस्था लावून देते.

एक उदाहरण करून दाखवतो, लेखक, अनुवादक, मुद्रितशोधक यांच्या उपयोगाचं. वर्डमध्ये एखादा शब्द 'ॲड टू डिक्शनरी' केला की तो 'कस्टम' नावाच्या फाईलीत जातो. ही फाईल 'ॲपडेटा', 'रोमिंग', 'मायक्रोसॉफ्ट' अशा वाटेने 'यूप्रूफ' नावाच्या फोल्डरात असते. वर्षानुवर्षं जमवलेली गावांची नावं, आडनावं, बोलीतले शब्द घरच्या कॉम्प्युटरवर असतात आणि ऑफिसचं वर्ड त्याच शब्दांखाली लाल रेघा मारत राहतं. वर्ड आणि आउटलुक दोन्ही बंद करा. 'यूप्रूफ' फोल्डरची एक प्रत पेन ड्राईव्हवर काढून ठेवा. मग मूळ फोल्डर कट करून वनड्राईव्हच्या फोल्डरात पेस्ट करा. आता कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एमकेलिंक' ही आज्ञा द्यायची, तिला '/जे' जोडायचं, त्यापुढे अवतरणचिन्हांत जुन्या जागेचा पूर्ण पत्ता आणि त्यापुढे तसाच नव्या जागेचा. '/जे' म्हणजे जंक्शन. त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागत नाहीत. पॉवरशेलमध्ये ही आज्ञा थेट चालत नाही, कमांड प्रॉम्प्टच हवा. जुन्या जागी छोट्या बाणाचा 'यूप्रूफ' फोल्डर दिसू लागला की झालं.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आधी वनड्राईव्हला सगळं उतरवून घेऊ द्या, मगच तिथल्या 'यूप्रूफ'चं नाव बदलून बाजूला ठेवा आणि तशीच लिंक करा. बाजूला ठेवलेल्या फाईलीतले शब्द फुकट जात नाहीत. ती साधी मजकुराची फाईल असते, ओळीला एक शब्द. नोटपॅडमध्ये उघडून नव्या यादीत चिकटवता येतात.

मॅक आणि लिनक्सवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथली 'एलएन' ही आज्ञा '-एस' लावून देताना आधी खरा पत्ता आणि मग लिंकचं नाव येतं, विंडोजच्या बरोबर उलटं. दोन्हींकडे काम करणारी मंडळी इथे हमखास गोंधळतात.

उदाहरणात मी फोल्डरला लिंक केली, आतल्या एकट्या फाईलीला नाही. हे मुद्दाम. बरेच प्रोग्रॅम 'सेव्ह' करताना जुन्या फाईलीवर लिहीत नाहीत. आधी नवी तात्पुरती फाईल पूर्ण लिहितात आणि मग तिला जुन्या फाईलीचं नाव देतात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी एक धड प्रत शिल्लक राहावी. उत्तम पद्धत आहे. पण त्या नावाची सिमलिंक असेल तर नवी फाईल लिंकच्याच जागी बसते आणि लिंक नाहीशी होते. त्यानंतरचं सगळं लिखाण स्थानिक डिस्कवर साचतं, क्लाउडमधली प्रत जुनीच राहते. हार्ड लिंकचंही तेच: सिंकने नवी प्रत उतरवून जुनीच्या जागी ठेवली की दोघींचं नातं तुटतं. फोल्डरच्या लिंकला यातलं काही होत नाही.

या उलट्या दिशेलाही मर्यादा आहेत. वनड्राईव्हमध्ये 2017 पासून फाईली दिसतात पण मागितल्याशिवाय उतरत नाहीत अशी सोय आली. आतून पाहिलं तर ही सोय आणि जंक्शन दोन्ही विंडोजच्या एकाच यंत्रणेवर, 'रीपार्स पॉइंट'वर उभ्या आहेत. तेव्हा ज्या फोल्डरकडे लिंक नेली आहे त्यावर उजवं क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, नाहीतर इंटरनेट नसताना प्रोग्रॅमला फाईलीचं नुसतं नाव हाती लागेल. टॅलीचा डेटा, लाइटरूमचा कॅटलॉग, आउटलुकची पीएसटी असल्या सतत उघड्या राहणाऱ्या गोष्टी मात्र कुठल्याही दिशेने सिंकमध्ये आणू नका. हिशेबाच्या एका नोंदीने अनेक फाईली एकदम बदलतात आणि सिंक त्या एकेक करून पाठवतो. दुसऱ्या टोकाला अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या फाईली पोहोचल्या की कंपनीचा डेटा उघडेनासा होतो. त्यांचा बॅकअप त्या त्या प्रोग्रॅममधूनच घ्यावा आणि ती बॅकअपची फाईल सिंकच्या फोल्डरात टाकावी.

आणि नुसती 'सी'वरची जागाच वाचवायची असेल, तर लिंकच्या वाटेला जाऊच नका. वनड्राईव्हच्या सेटिंग्जमध्ये 'अनलिंक धिस पीसी' करून पुन्हा साइन इन करताना फोल्डरची जागा विचारली जाते. तिथे 'डी' सांगा. ड्राईव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. जंक्शनलाही एनटीएफएस लागतं, त्यामुळे एक्सफॅट केलेल्या पेन ड्राईव्हवर लिंक करायचा प्रयत्न फसतो.

लिंक काढतानाही सांभाळा. एक्सपीच्या काळात एक्सप्लोररमधून जंक्शन डिलीट केलं की त्याच्या मागचा मालही जात असे. व्हिस्टापासून फक्त लिंक जाते. कमांड प्रॉम्प्टमधून काढायची तर 'आरएमडीआयआर' वापरा. 'डीईएल' ही आज्ञा फोल्डरच्या लिंकवर चालवली तर ती पलीकडे जाऊन खऱ्या फाईली पुसते.

लिंक चालते की नाही हे त्याच कॉम्प्युटरवर क्लिक करून कळत नाही. ब्राउझरमधून त्या सेवेच्या संकेतस्थळावर जा, तोच फोल्डर उघडा, एखादी फाईल उतरवून पाहा आणि तिच्यावरची बदलल्याची तारीख तपासा. 2019 पूर्वी ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात लिंक्स टाकून ठेवलेल्या असतील, किंवा कोणी तुमच्यासाठी तशी व्यवस्था लावून दिली असेल, तर हे आजच करा. तारीख जुनी दिसली तर तेव्हापासूनच्या फाईलींची एकमेव प्रत तुमच्या डिस्कवर आहे. दुसरं काहीही करण्याआधी ती बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या.